४७ मार्कांचा नापास

बर्‍याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे दोन-तीन जणांनी विचारलं, की लिहिणं बंद केलंस का? बंद नाही केलं. एक विषय डोक्यात घोळत होता आणि तो नीट मांडता येत नव्हता, एवढंच. आज प्रयत्न करतो. लांबण लागली तर सांभाळून घ्या :)

इथे आमच्या गावच्या वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी मी गणित शिकवायला जातो. पगार-बिगार काही नाही, हौस म्हणून. शिकायला येणारी सगळी मंडळी शाळा अर्धवट सोडलेली. कुणी चाळिशीतली आई, कुणी हॉटेलात भांडी घासणारा, कुणी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. सगळे ‘जीईडी’ नावाच्या परीक्षेची तयारी करत असतात. ज्यांचं हायस्कूल पुरं झालं नाही त्यांना ‘हायस्कूलच्या बरोबरीचा’ असा दाखला देणारी ही परीक्षा. गणित, भाषा, विज्ञान आणि समाजशास्त्र असे चार पेपर. आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतात ना, साधारण त्यातला प्रकार समजा. फरक इतकाच, की इथे परीक्षाही वेगळी आणि दाखलाही वेगळा.

त्यातला एक मुलगा टायरच्या दुकानात कामाला होता. अकरावीत शाळा सोडलेली. आजीने वाढवलेला. आजी अंथरुणाला खिळली आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली. सकाळी सहाला दुकान उघडायचं, संध्याकाळी सातला वाचनालयात हजर. नखांतलं काळं काही केल्या निघायचं नाही, त्यामुळे वहीच्या प्रत्येक पानावर बोटांचे ठसे. त्याला आर्मीत जायचं होतं. बंदूक वगैरे डोक्यात नव्हतं, मोठ्या ट्रकांचा मेकॅनिक व्हायचं होतं. आठ महिने न कंटाळता आला आणि चारही विषय सुटले. आम्ही वर्गात छोटा केकसुद्धा कापला.

मग तो भरतीच्या ऑफिसात गेला, तिथली परीक्षा दिली आणि पुढच्या मंगळवारी पडलेल्या चेहर्‍याने वर्गात आला. त्याला ४७ मिळाले होते. लागत होते ५०.

आता ४७ आणि ५० मध्ये असा काय मोठा फरक? पण त्याचं दुःख वेगळंच होतं. त्याच्याबरोबर त्याच्या जुन्या वर्गातला एक मित्रही गेला होता. मित्राला मिळाले ३८, आणि मित्राची निवड झाली. कारण मित्राकडे हायस्कूलचा डिप्लोमा होता. डिप्लोमा असेल तर आर्मीला ३१ पुरतात. जीईडी असेल तर ५० लागतात.

तो मला म्हणाला, “त्याला माझ्यापेक्षा नऊ कमी आहेत. मग मी नापास आणि तो पास कसा? ही परीक्षा नक्की कसली घेतली?”

मला उत्तर देता आलं नाही. “पुन्हा बस, महिनाभराने परत देता येते,” असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग बरंच वाचलं, ओळखीच्या दोन-चार माजी सैनिकांशी बोललो, आणि माझं असं एक मत झालं. ते इथे लिहितोय.

आधी एक खुलासा, खास पुण्या-नाशकातल्या नातेवाइकांसाठी. डिप्लोमा म्हटलं की आपल्याला पॉलिटेक्निक आठवतं. इथला हायस्कूल डिप्लोमा म्हणजे बारावीपर्यंतची शाळा पूर्ण केल्याचा दाखला. आणि तो आपल्या बारावीसारखा नाही. आपल्याकडे वर्षभर काहीही करा, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाचा पेपर चांगला गेला की झालं. इथे नववी ते बारावी अशी चार वर्षं एकेका विषयाची क्रेडिट जमवावी लागतात. गृहपाठ, चाचण्या, प्रकल्प, हजेरी सगळं त्यात आलं. काही राज्यांत शेवटी परीक्षाही असते, पण कणा म्हणजे ही चार वर्षांची बेरीज. म्हणजे ज्याच्या हातात डिप्लोमा आहे त्याला त्रिकोणमिती येतेच असं नाही. पण चार वर्षं सकाळी उठून तो कुठेतरी जात राहिला, न आवडणार्‍या शिक्षकांचं ऐकत राहिला, आणि सोडून गेला नाही, एवढं मात्र नक्की.

इथल्या सैन्याला त्रिकोणमितीपेक्षा हेच हवं असतं. सैन्याने उमेदवारांचे तीन खण केलेत. पहिल्यात डिप्लोमावाले. दुसर्‍यात जीईडी किंवा तत्सम दाखला असलेले. तिसर्‍यात ज्यांच्याकडे काहीच नाही असे. नव्या भरतीत निदान ९० टक्के पहिल्या खणातले असावेत असा संरक्षण खात्याचा दंडक १९९० च्या दशकापासून आहे. लेखी परीक्षेतल्या ज्या आकड्याबद्दल मी वर लिहिलं तो पर्सेंटाइल असतो, आपल्या सीईटीत असतो तसा. म्हणजे ४७ याचा अर्थ शंभरातले सत्तेचाळीस प्रश्न बरोबर असा नसून, देशातल्या तरुणांच्या नमुन्यात तो साधारण मध्यावर बसतो असा. (मथळ्यात मी ‘मार्क’ लिहिलंय ते आपलं सवयीने.)

हे खण का केले? संरक्षण खातं याचं एक साधं कारण वर्षानुवर्षं सांगत आलंय. डिप्लोमा असलेल्या शंभरातले साधारण ८० जण पहिली तीन वर्षं पुरी करतात. शाळा अर्धवट सोडलेल्यांतले सुमारे ५० जणच टिकतात. आणि जीईडीवाल्यांचा आकडा डिप्लोमावाल्यांपेक्षा शाळा सोडलेल्यांच्या जवळ जातो. ज्याला तुम्ही कपडे, जेवण, पगार देऊन शिकवलं तो मधेच निघून गेला तर पैसा वाया जातो, आणि त्याच्या जागी दुसरा शोधावा लागतो. तेव्हा सैन्य म्हणतं, आम्हाला हुशार नको असं नाही, पण आधी टिकणारा हवा.

म्हणजे मुलाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की परीक्षा दोन होत्या. अ‍ॅसव्हॅब नावाची, ज्यात तो मित्राच्या पुढे होता. आणि दुसरी, जिचा पेपर त्याने अकरावीत असताना कोरा दिला होता आणि त्याला कुणी सांगितलंही नव्हतं, की बाबा, हा पेपर आहे म्हणून.

गंमत म्हणजे ही जीईडी परीक्षा मुळात सैन्यासाठीच जन्माला आली. दुसर्‍या महायुद्धात हजारो पोरं हायस्कूल अर्धवट टाकून लढायला गेली. परत येतील तेव्हा विशी-बाविशीच्या माणसांना पुन्हा बाकावर बसवायचं का? म्हणून १९४२ मध्ये या चाचण्या तयार करायला घेतल्या. सैन्यात शिकलेलं, जगात शिकलेलं मोजायचं आणि म्हणायचं, की याचं शिक्षण हायस्कूलइतकं झालंय. १९४४ च्या जीआय बिलामुळे सैनिकांना कॉलेजचा खर्च मिळू लागला, तेव्हा या दाखल्याचा मोठाच उपयोग झाला. पुढे १९४७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ही परीक्षा सैनिक नसलेल्यांनाही खुली केली. म्हणजे जो दाखला सैन्याने आपल्या पोरांसाठी बनवला, तोच आज घेऊन गेलात तर सैन्य म्हणतं, दुसर्‍या खणात बसा!

मला हा आधी शुद्ध दांभिकपणा वाटला. पण नीट पाहिलं तर तसं नाही. १९४५ च्या सैनिकाकडे टिकून राहिल्याचा पुरावा होताच, तो युद्धातून परत आला होता. त्याला कमी पडत होता तो फक्त ज्ञानाचा दाखला. आजच्या मुलाचं नेमकं उलटं आहे. ज्ञानाचा दाखला आहे, टिकल्याचा नाही. जेम्स हेकमन या अर्थशास्त्रज्ञाने (२००० सालचं नोबेल यांना मिळालं) हेच अनेक वर्षं अभ्यासलं. १९९३ मध्ये स्टीफन कॅमेरॉन यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं, की जीईडीवाले डोक्याने हायस्कूलवाल्यांच्या तोडीचे असतात, पण कमाईच्या बाबतीत ते शाळा सोडलेल्यांसारखेच राहतात. सुरू केलेलं धरून ठेवणं त्यांना जड जातं, मग ती नोकरी असो, कॉलेज असो की सैन्य.

हे वाचून मला राग आला. “माझ्या मुलांना काय माहीत तुम्हाला?” असं वाटलं. मग मी वाचनालयातला हजेरीपट काढला. तिथे दर वेळी सही करावी लागते. सप्टेंबरात वर्गात अकरा जण होते. नाताळात चार उरले. गेलेल्या सात जणांत दोघं वर्गात सगळ्यात हुशार होती. एकाला तर मी शिकवायच्या आत उत्तर यायचं. तेव्हा हेकमन यांचं म्हणणं माझ्याच रजिस्टरात लिहिलेलं होतं, मी ते वाचलं नव्हतं इतकंच.

पण त्याच हजेरीपटावर माझ्या टायरवाल्याच्याही सह्या होत्या. आठ महिन्यांत त्याच्या फक्त तीन सह्या नव्हत्या. त्यातल्या दोन आजीला दवाखान्यात नेलं तेव्हाच्या. दिवसभर टायर उचलून रात्री अपूर्णांकांचे भागाकार करायला येणं याला टिकून राहणं म्हणायचं नाही तर कशाला? त्याचा मित्र चार वर्षं शाळेत गेला हे खरं, पण त्याला सकाळी उठवायला आई होती आणि न्यायला पिवळी बस होती. माझ्या मुलाला कुणी उठवत नव्हतं.

माझा मुद्दा इथे सुरू होतो. ८० आणि ५० हे आकडे खोटे नाहीत. सैन्य त्यावरून धोरण आखतं त्यातही चूक नाही. पण आकडा हा जमावाचा असतो. समोर बसलेला एक मुलगा शंभरातल्या पहिल्या पन्नासांत आहे की दुसर्‍या, हे तो आकडा सांगू शकत नाही. अट ठेवा, जरूर ठेवा. पण ज्याची शाळा सुटली त्याला ‘मी टिकतो’ हे दाखवायचा दुसरा रस्ताही असला पाहिजे, आणि तो रस्ता आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं पाहिजे.

यावर सोपा उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात: काढून टाका ना अट! सैन्यालाही गरज पडली की हीच बुद्धी होते. इराक युद्धाच्या काळात, २००७ साली, आर्मीच्या नव्या भरतीत डिप्लोमावाले ७९ टक्क्यांपर्यंत खाली आले होते. मग मंदी आली, नोकर्‍या गेल्या, रांगा लागल्या आणि अट पुन्हा कडक झाली. २०२२ मध्ये परत दुष्काळ. त्या वर्षी २३ जूनला आर्मीने जाहीर केलं, की परीक्षेत ५० मिळवणार्‍याला डिप्लोमा नको, जीईडीही नको. आणि आठवड्याभरात तो निर्णय मागे घेतला! त्या वर्षी आर्मीला ६० हजार माणसं हवी होती, १५ हजार कमी पडली. २०२४ च्या जानेवारीत नौदलाने तेच केलं. ५० मिळवा, शाळेचा कागद नसला तरी चालेल. नौदलाने अशी सूट त्याआधी दिली होती ती २००० साली.

म्हणजे एकच मुलगा, तीच हुशारी, तोच स्वभाव. एका वर्षी बिनकामाचा आणि पुढच्या वर्षी ‘या, बसा’. अटीपेक्षा मला याचा त्रास जास्त होतो. अट चारित्र्याची असेल तर ती नोकर्‍यांच्या बाजाराप्रमाणे वर-खाली कशी होते? अठरा वर्षांच्या पोराला त्यातून एवढंच कळतं, की आपली किंमत गिर्‍हाइकाच्या नडीवर ठरते.

आणि अट नुसती खाली आणली की काय होतं त्याचा एक भयंकर दाखला इतिहासात आहे. १९६६ मध्ये व्हिएतनामसाठी माणसं हवी होती. कॉलेजात जाणार्‍यांना सक्तीच्या भरतीतून सवलत होती, ती काढली तर मध्यमवर्ग खवळला असता. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी तेव्हा ‘प्रोजेक्ट १,००,०००’ जाहीर केला. बुद्धीच्या चाचणीत आजवर नापास ठरवलेल्यांना आता घ्यायचं. सांगितलं असं, की ही गरिबांची संधी आहे, सैन्य त्यांना शिकवेल, हुन्नर देईल, ती पोरं माणसांत येतील. १९७१ पर्यंत साडेतीन लाखांच्या आसपास मुलं या मार्गाने घेतली गेली. निम्म्याहून जास्त हायस्कूल पुरं न केलेली. कबूल केलेलं शिक्षण बहुतेकांच्या वाट्याला आलंच नाही. वाट्याला आली ती मोठ्या प्रमाणात पायदळातली बंदूक. त्यातले पाच हजारांहून जास्त मेले. त्यांना बाकीचे सैनिक काय म्हणून हाक मारायचे ते मी इथे लिहीत नाही. जे परत आले त्यांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा सैन्यात न गेलेल्या त्यांच्यासारख्याच मुलांपेक्षा त्यांची परिस्थिती काही चांगली निघाली नाही.

हे वाचल्यापासून ‘अट काढा’ म्हणणार्‍यांची मला भीती वाटते. दरवाजा उघडणं आणि आत आल्यावर हात धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फुकट होते, दुसरीला खर्च येतो. म्हणून सरकारं पहिली करतात आणि दुसरीचं भाषण करतात.

दुसरी गोष्ट करता येते, हेही खरं. आर्मीने २००८ मध्ये साऊथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला शाळा सोडलेल्यांसाठी एक तयारीची शाळा काढली होती. आधी जीईडी करून घ्यायची, मग ट्रेनिंगला पाठवायचं. तिथेच २०२२ च्या ऑगस्टमध्ये नवा पूर्वतयारीचा कोर्स सुरू झाला. चाचणीत थोडक्यात हुकलेल्यांना आणि वजन जास्त असलेल्यांना जास्तीत जास्त ९० दिवस शिकवायचं, मग पुन्हा परीक्षा. बहुतेक मुलं पार पडून ट्रेनिंगला गेली. नॅशनल गार्डचा ‘युथ चॅलेंज’ नावाचा उपक्रम १९९३ पासून आहे. सोळा ते अठरा वयाच्या, शाळा सुटलेल्या मुलांना सुमारे पाच महिने निवासी ठेवून शिकवतात, मग वर्षभर एक मोठा माणूस त्यांच्या पाठीशी असतो. सैन्यात गेलंच पाहिजे अशी सक्ती नाही. पट्टी खाली न आणता पोराला वर उचलायचं, हा तो प्रकार. मला हाच बरोबर वाटतो.

मावशीशी फोनवर हे सगळं बोलत होतो तर ती म्हणाली, “अरे, म्हणजे तिकडे नापास पोरंच जातात का मिलिटरीत?” उलट आहे, मावशी. ९० टक्के डिप्लोमावाले हवेत म्हणजे ज्यांची शाळा सुटली त्यांना सैन्यच सहजासहजी मिळत नाही. पण तिच्या प्रश्नात आपलं सगळ्यांचं मन आहे. आमच्या लहानपणी अभ्यास केला नाही की “हमाली कर नाहीतर मिलिटरीत जा” हे वाक्य घरोघरी ऐकू यायचं. सातारकडच्या ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं फौजेत गेली त्यांनी ते ऐकलं असतं तर काय वाटलं असतं त्यांना?

तिने मग शेजारच्या मुलाचं विचारलं, जो अग्निवीर व्हायला निघालाय. तिकडची गोष्ट वेगळी. अग्निपथ योजना जाहीर झाली १४ जून २०२२ ला, म्हणजे इकडे आर्मीने डिप्लोम्याची अट काढली त्याच्या नऊच दिवस आधी. तिथे जनरल ड्युटीला दहावी लागते, ट्रेड्समनच्या काही कामांना आठवी. दहावीवर आत गेलेल्याला नोकरीत असताना बारावीच्या बरोबरीचा दाखला मिळावा अशी सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातर्फे केलेली आहे. म्हणजे कागद आत गेल्यावर मिळतो. चांगलीच गोष्ट. पण चार वर्षांनी चारातले तीन जण बाहेर येणार, तेव्हा त्या कागदाला बाहेरचं जग कोणत्या खणात टाकतं यावर सगळं आहे. जीईडीचा ८० वर्षांचा अनुभव पाहता मी त्या मुलाला एवढंच सांगेन, की नुसत्या दाखल्यावर थांबू नकोस, काहीतरी खरोखर शिकून बाहेर ये.

असो. माझ्या टायरवाल्याचं काय झालं?

वाचता वाचता मला एक गोष्ट सापडली जी त्याला कुणीच सांगितली नव्हती. जीईडी असलेल्याने कॉलेजची १५ क्रेडिट मिळवली, तर सैन्य त्याला पहिल्या खणात धरतं. पंधरा क्रेडिट म्हणजे साधारण पाच विषय. रेटलं तर एक सेमिस्टर, नोकरी करून वर्षभर. आणि कम्युनिटी कॉलेज जीईडीवर प्रवेश देतं, गरीब घरच्याला सरकारी पेल ग्रँटही मिळू शकते. म्हणजे त्याने मिळवलेला दाखला फुकट गेलेला नाही. त्याने आर्मीचं दार उघडलं नाही, पण कॉलेजचं उघडतं, आणि कॉलेजातून आर्मीचं. भरती ऑफिसातला माणूस त्याला म्हणाला होता, की ५० मिळाले तरी जीईडीवाल्यांच्या जागा मोजक्याच, रांगेत थांबावं लागेल. पंधरा क्रेडिटचं अवाक्षर नाही. त्याला महिन्याचा आकडा भरायचा असतो, वर्षभर थांबणारं गिर्‍हाइक त्याच्या काय कामाचं?

मी मुलाला हे सांगितलं तेव्हा तो खूश होईल असं वाटलं होतं. तो चिडला. “अजून एक वर्ष? अजून एक कागद?” म्हणाला. दोन आठवडे आला नाही. मला वाटलं, झालं, हाही गेला. हजेरीपटावर त्याची ओळ रिकामी बघताना मला हेकमनसाहेबांचाच राग यायला लागला.

तिसर्‍या आठवड्यात आला. दोन विषयांना नाव घातलं होतं, इंग्रजी लेखन आणि बीजगणित. संध्याकाळचे वर्ग. वाचनालयात आता फक्त मंगळवारी येऊ शकेन म्हणाला. पहिला निबंध लिहायचा होता, विषय होता ‘तुम्ही घेतलेला एक निर्णय’. त्याने शाळा सोडली त्याबद्दल लिहिलं होतं. स्पेलिंगच्या चुका पुष्कळ, पण वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो.

खरं सांगायचं तर मला अजूनही पूर्ण बरं वाटत नाही. मी एका पोराला सैन्यात जायचा रस्ता दाखवतोय. उद्या युद्ध झालं तर? माझा स्वतःचा मुलगा असता तर मी इतक्या उत्साहाने पंधरा क्रेडिटचा हिशोब काढला असता का? नसता काढला, हे मला माहीत आहे. घरी बायकोने हेच विचारलं तेव्हा मी विषय बदलला. १९६६ मध्ये कॉलेजातल्या पोरांचे आईबाप असेच विषय बदलत असतील.

पण मग असंही वाटतं, की जायचं की नाही हे त्याने ठरवायचं आहे. माझं काम इतकंच, की तो गेला तर शिकून, निवड करून जावा; बाहेर दुसरं काहीच नव्हतं म्हणून ढकलला जाऊ नये. आणि गंमत बघा, वर्षभर कॉलेजात बसला तर कदाचित तिथेच रमेल. डिझेल मेकॅनिकचा कोर्स त्याच कॉलेजात आहे. मी मुद्दाम त्याला ते पत्रक दाखवलंय. तो नुसता हसला आणि घडी घालून खिशात ठेवलं.

त्याच्या प्रश्नाला मी इतक्या महिन्यांनी उत्तर दिलं. म्हणालो, परीक्षा टिकायची होती, आणि ती तू इथे आठ महिने देत होतास, फक्त त्याचे मार्क धरायची सोय कुणी केलेली नाही. तो म्हणाला, “मग तुम्ही धरा ना.” मी हजेरीपट दाखवला. त्याने स्वतःच्या सह्या मोजल्या.

तुमच्यापैकी कुणी शिकवत असाल, कुणाच्या घरात फौजेतलं माणूस असेल, तर तुमचं मत जरूर कळवा. आणि तुमच्या ओळखीत असं शाळा सुटलेलं पोर असेल, तर त्याला दहावी-बारावीचा फॉर्म आणून द्या, आणि फॉर्म दिल्यावर लगेच घरी जाऊ नका. थोडे महिने त्याच्या शेजारी बसा.